सीलिॲक प्लेक्सस ब्लॉक आणि रक्तदाब : पुण्यातील एका पेन क्लिनिकच्या सेवेचे परीक्षण

माझ्या थोरल्या बंधूंना स्वादुपिंडाच्या जुनाट दाहामुळे पोटाच्या वरच्या भागात उठणारी आणि तिथून पाठीत घुसणारी वेदना कित्येक वर्षे आहे. पाचक विकरांच्या गोळ्या, ट्रॅमॅडॉल हे वेदनाशामक आणि पथ्यपाणी हे सारे करूनही जेवणाची धास्ती जाईना, तेव्हा पोटविकारतज्ज्ञांनी त्यांना पुण्यातील एका पेन क्लिनिककडे सीलिॲक प्लेक्सस ब्लॉकसाठी, म्हणजे पोटातील मज्जातंतूंचे एक जाळे औषधाने बधिर करणाऱ्या इंजेक्शनसाठी, पाठवले. हे परीक्षण त्या सेवेचे आहे. क्लिनिकचे नाव मी देत नाही, कारण ज्या त्रुटीविषयी मला लिहायचे आहे ती एकाच संस्थेपुरती असेल असे मला वाटत नाही. सुई टोचण्याचे कौशल्य, स्वच्छता आणि डॉक्टरांची वागणूक यांना मी चांगले गुण देतो. रक्तदाबाची काळजी मात्र रुग्ण शस्त्रक्रियागृहात असेपर्यंत उत्तम होती आणि तो घराच्या वाटेला लागताच संपली.

हा ब्लॉक रक्तदाब का उतरवतो, हे समजल्याशिवाय पुढची तक्रार कळणार नाही. महारोहिणीच्या पुढच्या अंगाला, बाराव्या वक्षीय आणि पहिल्या कटिमणक्याच्या पातळीवर मज्जातंतूंचे एक दाट जाळे असते. जठर, यकृत, स्वादुपिंड आणि आतड्यांचा बराचसा भाग यांच्या वेदनेचे संदेश तिथून वर जातात. त्याच वाटेने अनुकंपी मज्जासंस्थेचे संदेश खाली येतात आणि पोटातील रक्तवाहिन्यांना आकुंचित ठेवतात. भुलीचे औषध किंवा अल्कोहोल या जाळ्यापाशी पोहोचले, की वेदनेबरोबर हे दुसरे कामही थांबते. वाहिन्या सैल पडतात, पोटात रक्त साठून राहते आणि रुग्ण उभा राहिला की हृदयाकडे परतणारे रक्त कमी पडते. त्यातच अनुकंपी संस्थेच्या उलट काम करणाऱ्या परानुकंपी संस्थेला अटकाव करणारे कोणी न उरल्याने आतड्यांची हालचाल वाढून जुलाब होतात, आणि जुलाबांनी शरीरातले पाणी गेले की रक्तदाब आणखी खाली येतो. जर्मन शल्यचिकित्सक माक्स काप्पिस यांनी पाठीच्या बाजूने सुई घालून हा ब्लॉक देण्याची पद्धत १९१४ मध्ये मांडली. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः कर्करोगाच्या रुग्णांवरील अभ्यासांच्या एका एकत्रित आढाव्यात ३८ टक्के रुग्णांचा रक्तदाब उतरल्याची आणि ४४ टक्के रुग्णांना जुलाब झाल्याची नोंद आहे. तिथे वापरलेले औषध मज्जातंतू नष्ट करणारे होते, तर बंधूंना भुलीचे औषध आणि स्टेरॉइड एवढेच दिले गेले. त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे त्यांना लावता येणार नाहीत. तरीही रक्तदाब उतरणे हा या ब्लॉकमधला अपघात नसून उपचार योग्य जागी पोहोचल्याची जवळजवळ खूणच आहे, एवढे त्यावरून स्पष्ट होते. जे इतके अपेक्षित आहे, त्याची लेखी तयारी रुग्णाच्या हातात असायला हवी, एवढेच माझे म्हणणे आहे.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी घाई केली नाही. वेदना कुठून कुठे जाते, जेवणानंतर किती वेळाने वाढते, वाकून बसल्यावर बरे वाटते का, हे सारे त्यांनी विचारले, सीटी स्कॅनची चित्रे स्वतः पाहिली आणि जुनाट दाहात या ब्लॉकचा उपयोग कर्करोगाइतका भरवशाचा नसतो, आराम मिळालाच तर तो काही आठवडे ते काही महिने टिकतो, हे आढेवेढे न घेता सांगितले. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला. उपचार विकायला बसलेल्या माणसाच्या तोंडून असे वाक्य सहसा निघत नाही.

औषधांची माहिती घेणारा छापील अर्ज मात्र तोकडा होता. त्यात रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड, दमा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि ॲलर्जी असे रकाने होते. क्लोपिडोग्रेल किंवा ॲस्पिरिन चालू आहे का, हे तीन वेगवेगळ्या माणसांनी विचारले आणि ते योग्यच होते, कारण सुई महारोहिणीच्या शेजारून जाणार होती. पण बंधू रात्री प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेतात, आणि त्याला या अर्जात जागाच नव्हती. हे औषध मूत्रमार्गाचे स्नायू सैल करते, तसेच काही प्रमाणात रक्तवाहिन्याही सैल करते, आणि उभे राहिल्यावर चक्कर येणे हा त्याचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. साठीपुढच्या पुरुषांत ही गोळी इतकी सर्रास चालू असते की वेदनेच्या दवाखान्याच्या अर्जात तिच्यासाठी एक रकाना असणे मुळीच अवघड नाही. शिवाय त्यांचा मधुमेह स्वादुपिंडाच्या विकारातून आलेला आणि जुना आहे. अशा मधुमेहात रक्तवाहिन्यांना आवळणारे स्वायत्त मज्जातंतू आधीच दुबळे झालेले असू शकतात. आडवे असताना आणि उभे राहिल्यावर असा दोनदा रक्तदाब मोजला असता, तर ही शंका पहिल्याच दिवशी पडताळून पाहता आली असती. त्यांचा रक्तदाब मोजला गेला तो एकदाच, खुर्चीत बसवून.

उपचाराच्या दिवशीची कामगिरी पाहता तक्रारीला जागा नाही. सकाळी पोहोचलो तेव्हा भीतीने आणि उपाशीपोटी बंधूंचा रक्तदाब १७२/९८ होता. काही ठिकाणी अशा वेळी जिभेखाली गोळी देऊन आकडा झटकन खाली आणतात; ती पद्धत धोक्याची म्हणून केव्हाच मागे पडायला हवी होती, कारण एकाएकी घसरलेला दाब मेंदू आणि हृदय दोघांनाही मानवत नाही. इथे त्यांना खोलीत शांत पडू दिले, भूलतज्ज्ञ येऊन दोन शब्द बोलले आणि अर्ध्या-पाऊण तासाने आकडा १४८/८६ झाला. आदल्या रात्री फोनवर टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची सकाळची गोळी न घेण्याची सूचना मिळाली होती, हेही नोंदवले पाहिजे. टेल्मिसार्टनच्या गटातील औषधे रक्तवाहिन्या आवळणाऱ्या अँजिओटेन्सिन या संप्रेरकाचे काम अडवतात. अनुकंपी मज्जातंतू बंद पडल्यावर दाब सावरायला शरीराला याच अँजिओटेन्सिनचा आधार उरतो. दोन्ही आधार एकाच दिवशी काढून घ्यायचे नसतात, म्हणून अनेक भूलतज्ज्ञ ही गोळी २४ तास आधी थांबवतात. नाडीचा वेग कमी करणाऱ्या बीटा ब्लॉकर गटातील गोळ्या मात्र अशा अचानक बंद करत नाहीत, हेही त्यांनी आपणहून सांगितले.

शिरेतून सलाईन आधीच सुरू केले होते. पोटाखाली उशी देऊन बंधूंना पालथे झोपवले, सी-आर्म या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर दोन्ही बाजूंनी सुया पुढे सरकवल्या आणि रंगद्रव्य सोडून जागा पडताळली. हे सारे डॉक्टरांनी नंतर चित्रे दाखवून समजावले. औषध गेल्यावर काही मिनिटांत रक्तदाब ८८/५४ वर आला. भूलतज्ज्ञ त्याची वाटच पाहत होते. रक्तदाब चढवणाऱ्या मेफेंटरमीनची छोटी मात्रा आणि सलाईनचा वेग वाढवणे, एवढ्यावर तो ११२/७० झाला. हा प्रसंग कागदावर वेळेसह लिहिलेला आहे आणि त्याची प्रत आम्हाला न मागता मिळाली. पुण्यातल्या मोठ्या म्हणवणाऱ्या रुग्णालयांतही हे सहजासहजी घडत नाही.

रिकव्हरी कक्षातील परिचारिकेचे नाव मला ठाऊक असते तरी इथे लिहिता आले नसते, पण तिच्या कामाला दाद द्यायलाच हवी. बंधू जागे होऊन लगेच पाय खाली सोडू लागले, तेव्हा ती म्हणाली, "काका, घाई नको. आधी उशी थोडी वर, मग बसायचं, मग बघू." पलंगाचा डोक्याकडचा भाग टप्प्याटप्प्याने उचलत, दर टप्प्याला आकडा पाहत तिने त्यांना बसवले. बसलेल्या अवस्थेत दाब ११८/७४ भरला आणि तिथे मोजणे थांबले. उभे करून मोजले नाही. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर त्याला उभ्या स्थितीतील अल्परक्तदाब म्हणतात, ही व्याख्या वैद्यकशास्त्राचे विद्यार्थी पाठ करतात. ज्या ब्लॉकचा हाच ठरलेला परिणाम आहे, त्याच्यानंतर हीच एक मोजणी वगळावी, याचे मला अजून आश्चर्य वाटते. बंधूंना चाकाच्या खुर्चीतून लिफ्टपर्यंत आणि लिफ्टमधून गाडीपर्यंत नेले. सोय म्हणून ती चांगली होती, पण त्यामुळे ते उभे राहिले की काय होते, हे घरी पोहोचेपर्यंत कोणालाच कळले नाही.

आता डिस्चार्ज कार्ड. त्यावर ट्रॅमॅडॉलची मात्रा निम्मी करून पुढे हळूहळू कमी करण्याची सूचना होती. वेदना ओसरल्यावर जुनी मात्रा जड पडते आणि एकदम बंद केली तरी त्रास होतो, या दोन्हींचा विचार त्यात दिसत होता. स्टेरॉइडमुळे काही दिवस साखर वाढेल, इन्सुलिनसाठी मधुमेहतज्ज्ञांना विचारा, असेही लिहिले होते. ताप, पायात बधिरपणा किंवा लघवी अडणे यांपैकी काही झाले तर तत्काळ संपर्क साधा, हेही ठळक अक्षरांत होते. आणि शेवटी एक छापील ओळ होती : नेहमीची इतर औषधे पूर्ववत चालू ठेवावीत. या एका ओळीने सकाळी जाणीवपूर्वक थांबवलेली टेल्मिसार्टन परत सुरू केली आणि रात्रीची टॅमसुलोसिनही कायम ठेवली. जुलाब होऊ शकतात याचा संमतिपत्रात एका शब्दाचा उल्लेख होता; झाले तर काय करायचे, याचा कुठेच नव्हता.

रात्री जुलाब सुरू झाले. दुसऱ्यांदा स्वच्छतागृहाकडे जाताना बंधू दारातच खाली बसले, बसले म्हणण्यापेक्षा घसरले. डोके आपटले नाही, हे नशीब. वहिनींनी आणि मी त्यांना तिथेच आडवे करून पाय उशीवर ठेवले. घरच्या यंत्रावर आडव्या स्थितीत १०८/६६ आणि थोड्या वेळाने आधार देऊन उभे केल्यावर ७८/४८ असा आकडा आला. साखर तपासली, ती कमी नव्हती. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला घाम येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर साखरही लगेच पाहावी लागते. क्लिनिकच्या चोवीस तासांच्या क्रमांकावर फोन उचलला गेला, हे त्यांच्या बाजूने. बोलणाऱ्या निवासी डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की घाबरू नका, या ब्लॉकनंतर हे अपेक्षितच असते, दोन-तीन दिवसांत सावरते. उत्तर खरे होते आणि तरीही मला संताप आला. अपेक्षित होते तर ते दुपारी घरी सोडतानाच सांगायचे होते. सकाळच्या गोळीचे काय करायचे, असे विचारल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "कार्डावर लिहिलंय तसं चालू ठेवा, सर सकाळी बोलतील." उभे राहिल्यावर वरचा आकडा ऐंशीच्या खाली असलेल्या माणसाला रक्तदाब उतरवणारी गोळी द्यायची नाही, एवढे सांगायला सरांची वाट पाहावी लागू नये.

सकाळी मुख्य डॉक्टरांनी आपणहून फोन केला आणि दहा मिनिटांत सगळा घोळ निस्तरला. टेल्मिसार्टन आणि टॅमसुलोसिन दोन्ही तूर्त बंद; उभ्याने घेतलेला वरचा आकडा ११० च्या वर स्थिर राहू लागला की कळवायचे, मग कोणती गोळी आधी सुरू करायची ते ठरवू. ओआरएसचे पाणी थोडे थोडे, पण सतत. उठताना आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायचे, पिंढऱ्या हलवायच्या, मग कोणाचा तरी हात धरून उभे राहायचे. रात्री स्वच्छतागृहात चालत न जाता पलंगाशेजारी भांडे किंवा कमोड खुर्ची ठेवायची. आणि ज्या सूचनेने मला सर्वात जास्त पटवले ती अशी की दिवसा उठून वावरताना पोटाला घट्ट पट्टा बांधायचा आणि झोपताना काढायचा, कारण रक्त साठते आहे ते पायांत कमी आणि पोटात जास्त. औषधांच्या दुकानात हा पट्टा सहज मिळतो. तो बांधून उभे राहिल्यावर आकड्यात पडलेला फरक आम्ही त्याच दिवशी पाहिला. या सूचना बंधूंच्या प्रकृतीसाठी होत्या. दुसऱ्या रुग्णाने त्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये. पण यांतली एकही गोष्ट अशी नव्हती की जी आदल्या दिवशी अर्ध्या पानावर लिहून देता आली नसती.

प्रतीक्षागृहात इतर रुग्णांशी झालेल्या बोलण्यातून एक गोष्ट लक्षात आली, ती इथे सांगणे उपयोगी पडेल. 'ब्लॉक' या एका नावाखाली तिथे निरनिराळे उपचार होतात आणि प्रत्येकात रक्तदाब वेगळा वागतो. कार्ड मात्र सर्वांना एकच मिळते. हाताच्या गुंतागुंतीच्या वेदनेसाठी मानेत दिल्या जाणाऱ्या स्टेलेट गँग्लिऑन ब्लॉकमध्ये औषध मानेतील मुख्य रोहिणीच्या आवरणात पसरले, तर दाब उतरण्याऐवजी एकाएकी चढू शकतो, कारण दाबाची खबर मेंदूला देणारे मज्जातंतूच बधिर होतात. पायांसाठीच्या लंबर सिम्पथेटिक ब्लॉकमध्ये पाय गरम होतात आणि दाब थोडा उतरू शकतो. कंबरेच्या एपिड्युरल इंजेक्शनमधील स्टेरॉइडने काही जणांचा दाब आणि साखर पुढचे काही दिवस चढी राहते. आणि सुईच्या नुसत्या भीतीने नाडी मंदावून दाब कोसळणारे रुग्ण प्रत्येक प्रकारात असतात. त्यांना आडवे करून पाय उंच केले की बहुधा पुरते. तेव्हा 'बीपीचे काय होईल' या प्रश्नाचे उत्तर ब्लॉकच्या नावानुसार बदलते. क्लिनिकमधील डॉक्टरांना हे माझ्यापेक्षा शंभरपट चांगले ठाऊक आहे. ते कागदावर मात्र उतरलेले नाही.

खर्चाबाबत तक्रार नाही. फोनवर सांगितलेली रक्कम आणि अंतिम बिल यांत तफावत नव्हती, विमा कंपनीने डे-केअर उपचार म्हणून मंजुरी दिली आणि कागदपत्रांचे काम तिथल्या लिपिकाने विनासायास केले. वाहनतळ नाही, हे पुण्यात वेगळे सांगायची गरज नाही; चालता न येणाऱ्या रुग्णाला दारात उतरवण्यापुरती जागा सुरक्षारक्षक मोकळी ठेवतो. प्रतीक्षागृहातील खुर्च्या मात्र पाठदुखीच्या माणसांसाठी कोणी निवडल्या, हे एकदा विचारले पाहिजे.

पुन्हा तपासणीला गेलो तेव्हा बंधूंची वेदना निम्म्याहून खाली आली होती आणि ते दुपारचे जेवण भीती न बाळगता जेवू लागले होते. आम्ही सात दिवसांचे आडव्या आणि उभ्या स्थितीतील आकडे एका वहीत लिहून नेले होते. डॉक्टरांनी ते पान नीट वाचले, टेल्मिसार्टन अर्ध्या मात्रेने परत सुरू केली, टॅमसुलोसिनसाठी मूत्रविकारतज्ज्ञांशी स्वतः बोलले आणि डिस्चार्ज कार्डाबाबतची आमची तक्रार बचाव न करता ऐकून घेतली. कार्ड बदलू, असे ते म्हणाले. आम्ही बाहेर पडत होतो तेव्हा शेजारच्या पलंगावरील रुग्णाच्या मुलीच्या हातात जे कार्ड होते, त्यावर शेवटची ओळ तीच होती. मी तिला तिच्या वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळीविषयी डॉक्टरांना आताच विचारून घ्यायला सांगितले, आणि ती परत आत गेली.

वेदना परतली तर ब्लॉक पुन्हा द्यावा लागेल, हे आम्हाला माहीत आहे, आणि तो याच क्लिनिकमध्ये, याच डॉक्टरांकडून घ्यायचा असे बंधूंनी ठरवले आहे. त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर आता लाल शाईने तीन गोष्टी लिहिलेल्या आहेत : टॅमसुलोसिन चालू, जुना मधुमेह, घरी सोडण्यापूर्वी उभे करून रक्तदाब मोजणे. पाचपैकी साडेतीन तारे मी देतो. उरलेला दीड तारा त्या छापील ओळीकडे अडकून आहे.